काळ्या मातीचं माप

केवळाबाईला विलायतेला न्यायला सरकार तयार होतं, विमान तयार होतं, आणि केवळाबाई तर मनातल्या मनात कधीचीच तयार होती. घोडं अडलं ते पायांपाशी.

तसं पाहिलं तर त्या पायांना पन्नास वर्षांत कुणी नावं ठेवली नव्हती. वालूरच्या वेशीबाहेर धनगरांची पाच-सात घरं होती, त्यांतल्या येडबाची ही बायको. दर साल संक्रांत झाली की मेंढरांमागं चालत गोदाकाठ गाठायचा, तिथून पुढच्या मुलखात उतरायचं आणि मृगाच्या आधी चालतच परत यायचं, हा तिचा लग्न झाल्यापासूनचा नेम. सगळं चालणं अनवाणी. बाभळीचा काटा तिच्या टाचेत मोडायचा, पण आत शिरायचा नाही. तिच्या टाचेला नाल ठोकायची गरज नाही, असं येडबा चारचौघांत सांगायचा आणि त्यात त्याला मोठा अभिमान वाटायचा.

गेल्या साली परभणीला प्रदर्शन भरलं होतं. तिथं केवळाबाईनं टकळीवर लोकरीचा असा बारीक आणि एकसारखा धागा काढला की बघणाऱ्या साहेबलोकांनी तो दोन बोटांत धरून उजेडाला लावला. त्यांच्यात लोकर खात्याचे दिनकरराव होते. त्यांनी तिचं नाव लिहून घेतलं आणि केवळाबाई ते विसरूनही गेली. यंदा मार्गशीर्षात दिनकरराव स्वतः वालूरला आले ते हुकूम घेऊनच. थंडीत विलायतेला लोकरीचा मोठा मेळा भरायचा होता, देशोदेशीच्या कातणाऱ्या बाया बोलावल्या होत्या. पाच दिवस कातून दाखवायचं आणि पुढचे पाच दिवस नुसतं बघायचं. राणीचा वाडा, नदीवरचे पूल, बर्फाचे डोंगर आणि त्या डोंगरातली मेंढरं.

कातून दाखवायचं हे केवळाबाईला लगेच समजलं. नुसतं बघायचं, हे काही केल्या समजेना.

"बगायचं म्हंजी काय करायचं, सायेब?" तिनं विचारलं.

"काही करायचं नाही. फिरायचं आणि बघायचं."

"आन् मेंढरं?"

"ती त्यांची त्यांची असतात तिथे. तुम्ही फक्त बघायची."

"म्हंजी मपल्या मोहरं एक बी मेंढरू न्हाई?"

"एकही नाही," दिनकरराव हसून म्हणाले.

केवळाबाई मात्र हसली नाही. एवढी जमीन तिनं पायाखाली घातली होती, पण बघितलं काय होतं? मेंढरांची शेपटं. कुणाच्या उभ्या पिकात एखादी शिरते का, कुठं लांडगा टपून बसलाय का, इकडंच डोळे. गोदावरी लागली की हिची नजर पाण्याला उतार कुठं मिळतो ते शोधायची; नदी कशी दिसते ते बघायला सवड कुणाला होती? कुठं जायचं ते पाऊस ठरवायचा, गवत ठरवायचं, नाहीतर येडबा ठरवायचा. मोकळ्या हातांनी, आपल्या डोळ्यांसाठी म्हणून ती आजवर कुठंच गेली नव्हती. आणि आता कुणीतरी येऊन सांगत होतं की पाच दिवस तेवढंच काम आहे. तिच्या तोंडून एकच शब्द फुटला.

"जायचंच," ती म्हणाली.

येडबानं चमकून तिच्याकडं बघितलं. ओसरीच्या कडेला तिची सासू म्हाळसाबाई लोकर पिंजत बसली होती, तिचाही हात थांबला. ऐंशी वर्षांची ही म्हातारी अंगानं मूठभर होती, पण जिभेला धार अशी की येडबा अजून तिच्यासमोर चिलीम ओढत नसे.

दिनकररावांनी खिशातून यादी काढली. गरम कोट सरकार देणार होतं. कानटोपी, हातमोजे सरकार देणार होतं. पायातलं मात्र ज्याचं त्यानं आणायचं, कारण दुसऱ्याच्या मापाचा बूट कुणाला धड होत नाही.

"बंद बूट हवेत, घोट्याच्या वर येणारे," दिनकरराव बजावून म्हणाले. "दिसायला कसेही असोत, पण आरामशीर. दिवसभर चालायचं आहे. आणि मोजे घालून आत बोटभर जागा उरली पाहिजे, म्हणजे पाय गरम राहतात. मागच्या खेपेला दुसऱ्या जिल्ह्यातला एक गडी चपला घालून गेला. बर्फात बोटं सुजली. दहा दिवसांतले आठ दिवस खाटेवर पडून खिडकीसमोरची भिंत बघितली आणि परत आला."

"भिंत कशाची व्हती?" म्हाळसाबाईनं विचारलं.

"आँ? विटांची असेल."

"आन् ते बर्फ म्हंजी गारांवानी का?"

"गारांसारखा, पण मऊ. पिंजलेली लोकर पडावी तसा पडतो."

"मला काय करायचंय," असं म्हणून म्हातारी पुन्हा पिंजायला लागली.

शेवटची अट तेवढी कठीण होती. येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी परभणीला डॉक्टरीणबाई तपासणी घेणार होत्या. बूट घालून मैदानाला चार फेऱ्या मारायच्या. जो लंगडला त्याचं नाव तिथल्या तिथं खोडायचं. केवळाबाईच्या नावाखाली दुसरीचं नाव लिहून तयारच होतं. हे सांगून दिनकरराव गेले आणि घरात पायांची चर्चा सुरू झाली.

"ह्या घरातल्या बाईनं आजवर पायात काय घातलंय?" म्हाळसाबाईनं तोफ डागली.

"जोडवी," येडबा म्हणाला.

"तू गप बस. निजामाच्या वक्ताला सुदीक बायांनी रीत मोडली न्हाई."

रीत होतीच. वालूरात थोड्याफार बायकांच्या पायात वहाणा असत, पण त्यासुद्धा चावडीसमोरून जाताना काढून हातात घ्यायच्या आणि चावडी मागं पडली की पुन्हा पायात घालायच्या. चावडीवर गावातली पुरुष माणसं बसलेली, त्यांच्यासमोरून बाईनं पायताण वाजवत जायचं कसं? केवळाबाईला ही अडचण कधी आलीच नव्हती. काढायला पायात काही असावं लागतं.

बूट शिवणारा माणूस नामी होता. सेलूचा मुंजाजी. पंचक्रोशीत त्याच्या जोडांना तोड नव्हती आणि ते तो स्वतःच आधी सांगायचा. प्रश्न मापाचा होता. वहाण असती तर काडीनं लांबी मोजून भागलं असतं. बंद बुटाला अख्ख्या पायाचं माप लागणार. मुंजाजी पाय हातात घेऊन, चामड्यावर ठेवून, दाबून बघणार.

"परक्या बाप्याच्या हातात सुनंचा पाय?" म्हाळसाबाई कडाडली. "म्या जित्ती असताना?"

केवळाबाई हिरमुसली. येडबा मात्र विचारात पडला, आणि येडबा विचारात पडला की घरातली माणसं जरा घाबरायचीच.

"अगं, एवढं काय त्यात?" तो म्हणाला. "मेंढराचा खूर बगून म्या सांगतो, कोनतं कुठं गेलं आन् कवा गेलं. ठसा म्हंजीच पाय. मुंजाजीला आपुन ठसाच नेऊन देऊ की."

झालं, कामाला लागला. ओढ्याकाठची काळीभोर, चिकट माती घमेलंभर आणली, खडे वेचले, पाणी घालून कणकेसारखी मळली. घरात एक तडा गेलेली जुनी काठवट होती. भाकरी थापायला ती बाद झाली होती, म्हणून म्हाळसाबाईनं ती मुकाट्यानं दिली. काठवटीत माती काठोकाठ भरून येडबानं वरून हात फिरवला आणि बायकोला म्हणाला, "हं, ऱ्हा उभी."

केवळाबाईनं लुगडं वर खोचलं आणि दोन्ही पाय मातीत ठेवले. थंडगार माती बोटांच्या मधून वर आली. तिला इतक्या गुदगुल्या झाल्या की पन्नाशीची बाई खिदळायला लागली आणि येडबा तिचे खांदे धरून "हालू नगं, हालू नगं" म्हणत स्वतःच हलायला लागला. पाय काढले तर ठसा असा लख्ख उमटला होता की टाचेच्या भेगा मोजाव्यात आणि जोडव्याचे वेढे बघावेत. केवळाबाईनं जोडवी काढायला साफ नकार दिला होता. विलायत असो की काही असो, जोडवी पायातच राहणार होती.

चार दिवस काठवट छपरावर उन्हात होती. पाचव्या दिवशी येडबा बघतो तर मातीची लादी काठांपासून आपोआप सुटून मोकळी झालेली. उपसायचे कष्ट वाचले म्हणून गडी खूश झाला. फडक्यात गुंडाळून, तान्हं मूल न्यावं तशी सांभाळून त्यानं ती लादी सेलूला पोचवली. मुंजाजीनं ठसा पाहून वाहवा केली. असं तयार माप उभ्या जिंदगीत मिळालं नव्हतं, असं तो म्हणाला, आणि वालूरच्या बाजाराला शुक्रवारी बूट घेऊन येतो, असा वायदा केला.

वायद्याप्रमाणे शुक्रवारी दुपारी मुंजाजी दारात हजर झाला. खांद्यावर हत्यारांची पिशवी, बाजारात विकायला आणलेली दोन कातडी, काखेत मातीची लादी आणि हातात बूट. काय बूट होते! तांबूस, तेल पिऊन मऊ झालेलं कातडं, तळाला दुहेरी शिवण आणि वर बांधायला चामड्याच्या वाद्या. शेजारपाजारच्या बाया बघायला जमल्या. केवळाबाईनं पाय घासून धुतले, पुसले आणि उजवा पाय बुटात घातला.

पाय निम्मा आत गेला आणि थांबला.

"जोर लावा, वयनी," मुंजाजी म्हणाला. केवळाबाईनं जोर लावला. येडबानं बूट खालून ढकलला. कुणीतरी एरंडीचं तेल आणलं, तेही चोपडलं. शेवटी पाय आत गेला, पण गेला तो बोटं मुडपूनच. दोन पावलं टाकली तर कळ मस्तकात गेली आणि ती मटकन खाली बसली. शुक्रवार उलटत आला होता, सोमवारी चार फेऱ्या होत्या. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

मुंजाजीला पाण्याचं काही नव्हतं, त्याला राग आला होता. "मपला बूट चुकत न्हाई!" असं म्हणून त्यानं लादी उघडली आणि बुटाचा तळ ठशात ठेवला. कुणाच्या मनात काडीची शंका उरू नये असा तो बसला. "बगा! गव्हाएवढा फरक न्हाई. बोला आता!"

आता सगळ्यांनी केवळाबाईच्या पायांकडं संशयानं पाहिलं.

"चार-आठ दिसांत पाय वाढले व्हय गं तुपले?" म्हाळसाबाई म्हणाली. "इलायतंच्या नावानं फुगले जनू."

केवळाबाई चिडली. तेलकट पाय तसाच उचलून तिनं ठशात ठेवला. टाच टाचेत बसली आणि बोटं? बोटं ठशाच्या बाहेर, काठावर.

"हे मपलं पाऊल न्हाईच!"

"तुपलंच हाय," येडबा म्हणाला. "ही बग जोडव्याची खून."

खूण होती. टाचेच्या भेगा होत्या. पाऊल तिचंच होतं आणि तिलाच होत नव्हतं. बाया कुजबुजायला लागल्या. एकीनं तर दृष्ट काढायचं सुचवलं. केवळाबाई मात्र लादीकडं टक लावून बघत होती. लादीच्या कडेला बारीकशी भेग होती. मग तिची नजर कोपऱ्यातल्या काठवटीकडं गेली. ती उठली, लादी दोन्ही हातांनी उचलली आणि काठवटीत ठेवली. काठोकाठ भरलेली माती आता काठवटीत चहूबाजूंनी दोन-दोन बोटं हालत होती.

"अवो," ती हळूच म्हणाली, "माती वाळली न्हवं."

"वाळली. मंग?"

"वाळली म्हंजी आटली की! संगं मपला पाय बी आटला!"

आणि मग जो हशा उसळला तो विचारू नका. हसण्यासारखंच होतं. ज्यांच्या दहा पिढ्या या काळ्या रानात गेल्या, दर उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि कोकराचे पाय त्यात अडकतात म्हणून जे बोंबलतात, त्या माणसांनी माप कशाचं घ्यावं? तर त्याच मातीचं, आणि तेही चार दिवस वाळवून! येडबानं कपाळावर हात मारून घेतला. मुंजाजी हसता हसता खाली बसला. त्याच्या बुटाची अब्रू वाचली होती, त्यामुळं तो सगळ्यांत मोठ्यानं हसत होता.

हसून झाल्यावर तोच म्हणाला, "दुसरा जोड शिवतो. कातडं हाय, हत्यारं हायेत. हितंच बसतो लिंबाखाली. पर ह्या खेपंला माप मला पायाचं पायजे."

सगळ्यांनी म्हाळसाबाईकडं बघितलं. म्हातारीनं तोंड उघडायच्या आत केवळाबाई चुलीपाशी गेली, विझलेला कोळसा घेऊन आली, कातड्यावर पाय ठेवला आणि स्वतःच वाकून पायाभोवती रेघ ओढली. एक पाय, मग दुसरा. मुंजाजी हाताची घडी घालून लांब उभा होता. म्हाळसाबाईनं तोंड फिरवलं होतं, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून सगळं बघत होती.

"छोटा जोड ठिवा तुमच्याकडंच," मुंजाजी म्हणाला. "ह्या मापाचा पाय मला कुठं गावनार?" येडबानं तो आढ्याला अडकवला आणि विसरला.

शनिवार गेला. रविवारी दुपारी नवे बूट तयार झाले. एकदा पोळलेला मुंजाजी यावेळी दिलदार झाला होता. मोज्यांसाठी बोटभर आणि शिवाय माझ्यातर्फे बोटभर, असं म्हणत त्यानं शिवले होते. केवळाबाईचा पाय आत गेला तो सरळ तळाशी पोचला आणि आत फिरायलाही लागला. ती अंगणात चालली. फटक, फटक, फटक. ओढ्यापर्यंत जाऊन येईस्तोवर टाचेला फोड आला. ज्या टाचेत बाभळीचा काटा शिरत नव्हता, तिला मऊ कातड्यानं घासून फोड आणला! येडबा थक्क झाला.

"मोजे पायजेत," मुंजाजी म्हणाला.

मोजे वालूरात कुठले? जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळून बघितल्या, त्या दहा पावलांत गोळा होऊन तळव्याखाली आल्या. मग सगळेच गप्प बसले. गप्प बसले ते घर लोकरीनं भरलेलं असताना. ओसरीवर लोकरीचा ढीग, दोरीवर घोंगडी, कोपऱ्यात सुताचे गुंडे. पण लोकर पायाला लावायची हे त्या घरात कुणाच्या तोंडी येणं शक्य नव्हतं. घोंगडं डोक्यावर घ्यावं, खांद्यावर घ्यावं, देवाखाली अंथरावं. घोंगड्यावर बसायचं तर पाय बाहेर ठेवून बसावं, चुकून लागला तर हात लावून नमस्कार करावा. लेकरांना बोलायच्या आधी हे शिकवलेलं असे.

शेवटी येडबाच चाचरत म्हणाला, "लोकर जर..."

"न्हाई," केवळाबाई म्हणाली. "लोकर म्या पायात घालनार न्हाई. त्या लोकरीनंच मला हितवर आनलंय. नाव खोडलं तर खोडू द्या. दुसरी बाई बगून यील."

तिनं बूट काढले, जोडीनं भिंतीशी ठेवले आणि टकळी घेऊन बसली. धागा काढायला गेली, तर तो हातात तीनदा तुटला. असा तिचा धागा लग्नानंतर कधी तुटला नव्हता. येडबाला ते बघवेना, तो उठून बाहेर गेला.

म्हाळसाबाई घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात मेंढ्या भादरायची कातर होती आणि दुसऱ्या हातात तिचं स्वतःचं घोंगडं. वीस वर्षं पांघरलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं.

"मागल्या माघात गारा पडल्या," ती सुनेसमोर बसत म्हणाली. "कोकरू गारठलं. तवा काय केलंस तू?"

"घोंगड्यात गुंडाळलं," केवळाबाई म्हणाली.

"त्याचे पाय भाईर ठिवलेस का?"

"न्हाई."

"मंग देव कोपला का? जगलं न्हवं कोकरू?"

"ते मुकं जनावर हाय, आत्या."

"आन् तू लय बोलती हायस व्हय?" म्हातारीनं कातर जमिनीवर आपटली. "पस्तीस साल झाले ह्या घरात यिऊन. जेव म्हनलं जेवलीस, चाल म्हनलं चाललीस. मला ह्ये पायजे, असं कवा तोंडानं म्हनलीस? त्या सायबाम्होरं पयल्यांदा म्हनलीस, जायचंच. म्या कानानं ऐकलंय. आता मुकाट्यानं पाय दे हिकडं."

आणि सासूनं सुनेचा पाय आपल्या मांडीवर घेतला. केवळाबाई "आत्या, आत्या" म्हणत मागं सरकायला लागली, तर म्हातारीनं घोटा घट्ट धरून ठेवला. करकर कातर चालली. घोंगड्याच्या पट्ट्या निघाल्या. म्हाळसाबाईनं त्या पायाला घोट्यापासून बोटांपर्यंत वेढून बघितल्या, जोडव्यापाशी जरा सैल सोडल्या आणि दाभणानं लोकरीचंच सूत घालून पिशवीसारख्या शिवल्या. मध्ये एकदा केवळाबाईच्या डोळ्यांतलं पाणी तिच्या हातावर पडलं. तेव्हा ती म्हणाली, "भिजवू नगंस, लोकर आटती." आणि स्वतःच हसली.

सोमवारी परभणीच्या मैदानावर डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून बघितले, बूट उघडून बघितले, आतलं लोकरीचं शिवणकाम बघून दिनकररावांकडं बघितलं, आणि चालायला सांगितलं. केवळाबाई निघाली. पायाखाली खडा होता की माती, काही कळत नव्हतं. बूट धड, पाय गरम, आणि पुढं एकही मेंढरू नाही. मैदानाच्या कडेला लिंबाची झाडं होती, त्यापलीकडं कुणाची तरी पिवळी इमारत, वर घारी. ती सगळं बघत बघत चालली. चार फेऱ्या झाल्या तरी चाललेलीच.

"अहो बाई, झालं! थांबा!" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

"त्यो कोपरा बगायचा ऱ्हायलाय!" केवळाबाई लांबूनच म्हणाली आणि पाचवी फेरी पुरी करूनच परत आली. डॉक्टरीणबाईंनी हसत हसत कागदावर सही केली.

गुरुवारी निघायचं होतं. सेलूहून मनमाडकडची गाडी, तिथून मुंबई. बैलगाडी चावडीच्या पलीकडं उभी होती. दिनकरराव तिथं थांबले होते. येडबा ट्रंक घेऊन पुढं गेला. केवळाबाईनं देवाला नमस्कार केला, सासूला नमस्कार करायला वळली, तर सासू घरात नाही. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. म्हातारीला निरोप सोसवणार नाही म्हणून गेली असेल कुठं, असं शेजारणी म्हणाल्या. केवळाबाईचं पाऊल जड झालं. तशीच निघाली.

चावडी आली. सकाळचं ऊन खात दहा-बारा माणसं बसली होती. सगळ्यांना ठाऊक होतं, सगळे तिच्या पायांकडंच बघत होते. केवळाबाई थबकली. पन्नास वर्षांत तिच्यावर ही वेळ आली नव्हती, पण लहानपणापासून बघितलेलं अंगात भिनलं होतं. विचार न करता ती वाकली आणि तिचा हात बुटाच्या वादीवर गेला.

तेवढ्यात मागून आवाज आला. करकर, करकर. कोऱ्या कातड्याचा. तिनं वळून बघितलं. म्हाळसाबाई येत होती. हातात काठी, डोक्यावर उरलेल्या घोंगड्याची खोळ, आणि पायात तांबूस बूट, वाद्या घोट्यावर नीट आवळून बांधलेल्या. आढ्याला अडकवलेला तो आटलेला जोड.

"आत्या!" केवळाबाई त्या बुटांकडं बघतच म्हणाली. "ह्ये कवा?"

"चार दिस झाले. मेंढवाड्यात घालून चालून बगायलेय," म्हातारी म्हणाली. "माती आटली ती मपल्या मापाला यिऊन थांबली बग."

"आत्या, चावडी..." केवळाबाई हळूच म्हणाली.

"चावडीला म्या ऐंशी साल बगितलं," म्हाळसाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आज तिला मला बगू दे."

चावडीवरचा एक म्हातारा खाकरला. "म्हाळसाबाई, तुमी कुठं निघालाव?"

"सेलूला. आगगाडी बगायला."

"काय काम काढलंय?"

"काम काय न्हाई," ती चालता चालताच म्हणाली. "नुसतं बगायला."

केवळाबाईनं वादीवरचा हात काढला, सरळ उभी राहिली आणि सासूच्या मागं चालू लागली. चावडीवर कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तरी दोघींच्या बुटांच्या करकरीत ते ऐकू आलं नसतं.